सत्तावीस नंबरचा व्हॉल्व्ह

कासारपिंपरीत नळाला पाणी तीन दिवसांआड येई, आणि पाण्याच्या आधी लहानू तुपे येई. खांद्यावर छातीइतकी उंच लोखंडी चावी, कानावर टोपी ओढलेली. एकतीस वर्षं तो नगरपरिषदेत व्हॉल्व्हमन होता. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण सरकवायचं, चावीचं तोंड व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायचं आणि अंग टाकून फिरवायचं, एवढंच काम. पण गावात असे त्रेचाळीस व्हॉल्व्ह होते. कुठला किती आट्यांनी उघडतो, कुठला अर्ध्यावर अडतो, कुठल्या गल्लीत पाणी चढायला वीस मिनिटं लागतात, हे सगळं त्याच्या मनगटात होतं. कागदावर काहीच नव्हतं.

२०३३ सालच्या श्रावणात त्याच्या चावीला काडेपेटीएवढी एक डबी बसवली गेली. चावी कुठल्या व्हॉल्व्हवर आहे, किती फिरली, किती जोरात फिरली, हे ती डबी टिपून घेई. टाकीत पाण्याची उंची मोजणारा एक डोळा बसला, मुख्य लाइनवर दाब मोजणारी यंत्रं बसली. हे सगळं बसवायला मृण्मयी होनराव नावाची इंजिनिअर मुलगी आली होती. पहिले दोन महिने ती लहानूच्या मागे सायकलवरून गावभर हिंडली.

"म्हणजे पुन्हा टायमरच ना?" लहानूने तिला विचारलं होतं.

टायमरचा अनुभव गावाने घेतला होता. पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या लाइनवर मोटरचे व्हॉल्व्ह बसवले होते, त्यांना घड्याळ जोडलं होतं. सहाला उघड, पावणेसातला बंद. एकदा बाजारपेठेत लाइन फुटली. लोक फोन करत होते, पाणी दुकानांत शिरत होतं, आणि घड्याळाने पावणेसात वाजेपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच ठेवला. दुसऱ्या दिवशीही त्याने तो ठरल्या वेळी पुन्हा उघडला. त्यानंतर टायमर गुंडाळून गोदामात गेले आणि लहानूची चावी पुन्हा चालू झाली.

"टायमर नाही, काका," मृण्मयी म्हणाली. "टायमरला आपण नियम देतो. तो नियम पाळतो, त्याच्यापुढे त्याला काही कळत नाही. नियम चुकीचा असेल तरी तो पाळतो. याला मी एकही नियम दिलेला नाही."

"मग चालणार कसं?"

"तुम्ही काय करता ते बघून. टाकीत पाणी किती होतं, दाब किती होता, तेव्हा तुम्ही कुठला व्हॉल्व्ह किती फिरवला आणि पुढे काय झालं, हे सगळं तो बघतो. हजारो वेळा बघितल्यावर त्याला अंदाज येतो, की अशा वेळी तुपेकाका असं करतात. मग तो स्वतः तसं करून बघतो. तक्रारी कमी आल्या तर समजतो, बरोबर केलं. जास्त आल्या तर बदलतो."

"म्हणजे तू शिकवत नाहीस."

"मी कुठे? तुम्हीच शिकवताय."

हे ऐकून लहानूला बरं वाटलं होतं. एकतीस वर्षांत त्याच्या कामाकडे कुणी असं टक लावून पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तो चावी जरा नीट, सावकाश फिरवू लागला.

यंत्रणेचं नाव 'ओघ' ठेवलं होतं. चौदा महिने तिने लहानूला पाहिलं. त्यात एक आख्खा उन्हाळा आला. २०३५च्या जानेवारीत त्रेचाळीसही व्हॉल्व्हना मोटरा बसल्या आणि लहानूला पाणीपुरवठा विभागात टेबल-खुर्ची मिळाली. यंत्रणा बिघडलीच तर म्हणून त्याला ठेवलं होतं. ती बिघडली नाही. महिन्याला दोनशेच्या आसपास येणाऱ्या तक्रारी मार्चमध्ये अकरावर आल्या. नगरपरिषदेने सभागृहात त्याचा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला. "आमचे तुपे आता कधीच निवृत्त होणार नाहीत," मुख्याधिकारी भाषणात म्हणाले, आणि लोक हसले. पुढच्या रांगेत त्याची मुलगी सारिका बसली होती. ती नागरी आरोग्य केंद्रात नर्स होती. ड्यूटीवरून तशीच आली होती, आणि टाळ्या वाजवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लहानूची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ही दोघंच.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात खाणवस्तीत कावीळ सुरू झाली.

खाणवस्ती म्हणजे गावाच्या उत्तरेची टेकडी. दगडखाणीवर काम करणारी अडीचशे घरं, सात सार्वजनिक नळ. आधी चार जण आजारी पडले, मग एकोणीस. सारिका रोज तिकडे जाऊ लागली. रक्ताचे नमुने जिल्ह्याला गेले, तिकडून 'ई' प्रकारची कावीळ असल्याचा निरोप आला.

"हिचा विषाणू मैल्यातून पाण्यात येतो," सकाळी चहा गाळता गाळता सारिका म्हणाली. "धडधाकट माणूस पंधरा दिवसांत उठून बसतो, नाना. पण बाई गरोदर असेल, आणि शेवटचे महिने असतील, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जातात. लिव्हर एकदम बसतं. आपल्याकडे सध्या अशा अकरा आहेत."

"औषध?"

"औषध नाही. पाणी चांगलं द्यायचं, तेवढंच."

लहानूने कप खाली ठेवला. त्याला काहीतरी आठवलं होतं. पण ते त्याने बोलून दाखवलं नाही. ओघला सगळं माहीत आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तीन दिवसांनी खाणवस्तीतली नंदा गेली. चोवीस वर्षांची, आठवा महिना. सारिकाने तिला स्वतः रुग्णवाहिकेत बसवून जिल्हा रुग्णालयात नेलं होतं. वाटेतच नंदा माणसं ओळखेनाशी झाली होती. पोटातलं मूलही वाचलं नाही. सारिका दुपारी घरी आली ती चप्पल न काढता ओट्यावर बसून राहिली.

"नाना, खाणवस्तीला पाणी कसं जातं?" तिने विचारलं. "मी सातही नळांचं पाणी तपासलं. टाकीतलं स्वच्छ आहे, आणि नळाला येतं ते घाण. मधे काय होतं?"

"बघून येतो," लहानू म्हणाला. उन्हातच तो ऑफिसला निघाला.

मृण्मयी महिन्यातून चार दिवस कासारपिंपरीत असे. त्या दिवशी ती होती. त्याने तिला सत्तावीस नंबरच्या व्हॉल्व्हची नोंद उघडायला सांगितली. टेकडीच्या पायथ्याला, नाल्याच्या अलीकडे तो व्हॉल्व्ह होता. तिथून पुढची लाइन नाल्याखालून जाऊन वर चढत होती.

पडद्यावर रेघा आल्या. मार्चच्या मध्यापासून, टाकीतलं पाणी तीन मीटरच्या खाली गेल्यापासून, सत्तावीस नंबर प्रत्येक पाळीला अठरा मिनिटं आधी बंद होत होता. एकही पाळी चुकली नव्हती.

लहानूचं लक्ष मिनिटांकडे नव्हतंच. तो बंद होण्याच्या रेघेकडे बघत होता. रेघ सरळ उतरत नव्हती. अकरा आटे, मग क्षणभर थांबणं. पुन्हा सहा आटे, पुन्हा थांबणं, आणि मग उरलेले एका दमात. मोटरला थांबायची गरज नव्हती. सत्तावीस नंबरवर एकदा चावी उलटी फिरून लहानूच्या खांद्याला मार बसला होता, तेव्हापासून तिथे तो असा दोनदा दम घेई. हात ओळखीचा होता. त्याचाच होता.

"हे असं बंद करायला त्याला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"सांगितलं कुणीच नाही," मृण्मयी म्हणाली. तिने गेल्या उन्हाळ्याच्या नोंदी बाजूला मांडल्या. "तुम्ही पाणी कमी असताना चार पाळ्यांतली एक पाळी इथे लवकर बंद करत होता. दुसरीकडे लवकर बंद केलं की चाळीस-पन्नास तक्रारी येत. इथे शून्य. ओघने ते पाहिलं. चारातल्या एका वेळी चालतं, तर चारही वेळा का नाही, असा त्याचा हिशेब. त्याच्या दृष्टीने इथे पाणी तोडलं तर काहीच बिघडत नाही."

"बिघडत नव्हतं, कारण मी वॉशआउट काढायचो."

मृण्मयीने त्याच्याकडे पाहिलं. "कसला वॉशआउट? नकाशावर तिथे काही नाही."

तेव्हा लहानूने सांगितलं. नाल्याखालचा पाइप जुना आहे, सांध्यांत झिरपतो. लाइन भरलेली असते तोवर पाणी बाहेर झिरपतं, नाल्यातलं आत येत नाही. पण लोक भरत असतानाच पाणी लवकर बंद झालं, की टेकडीवरचं पाणी खाली उतरतं, पाइप रिकामा होतो, आणि स्ट्रॉने ओढावं तसा नाल्यातली घाण आत ओढून घेतो. पुढच्या पाळीला तेच पाणी आधी वर चढतं. म्हणून लवकर बंद केल्यावर पुढच्या वेळी पाणी सोडण्याआधी तो नाल्यापलीकडच्या खड्ड्यात उतरून एक छोटं हातचाक फिरवत असे. पहिली दहा मिनिटं सगळं गढूळ पाणी नाल्यात सोडून द्यायचं, पाणी पांढरं झालं की चाक बंद करायचं. त्याला चावी लागत नसे, त्यामुळे डबीला ते दिसलं नाही. आणि कागदावर तो ते कधीच लिहीत नसे. पाणी वाया घालवलं म्हणून पूर्वी एकदा त्याला मेमो मिळाला होता.

मृण्मयी हळूच म्हणाली, "काका, मी दोन महिने तुमच्याबरोबर फिरले. एकदा तरी सांगायचं होतं."

"तू चांगलं लिहून घेत होतीस माझ्याबद्दल," लहानू म्हणाला. "हे सांगायला लाज वाटली."

त्याच संध्याकाळी सत्तावीस नंबर हाताने चालवायला घेतला. हातचाक गाळात गाडलं गेलं होतं. ते मोकळं करून फिरवल्यावर काळं पाणी बावीस मिनिटं वाहत राहिलं. मृण्मयी काठावर उभी राहून घड्याळ बघत होती. पण विषाणू पोटात गेल्यावर आजार दिसायला महिना-सव्वा महिना लागतो. लोकांनी जे पिऊन टाकलं होतं ते परत येणार नव्हतं. मे महिन्यात आणखी दोघी गेल्या.

सारिकाला त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. काही लपवलं नाही. ती पदराला पिन लावत आरशासमोर उभी होती, तिने वळून पाहिलं नाही.

"नाल्याचं तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"बारा-तेरा वर्षं. रस्ता खोदला तेव्हा पाइप पाहिला होता. मी अर्ज दिला होता बदलायचा. एस्टिमेट वर गेलं, ते आलंच नाही."

"अर्जाचं सोडा. तुम्ही त्यांचंच पाणी का तोडायचात?"

"कुणाचं तरी तोडावं लागतं, सारे. टाकीत नसतंच तेवढं."

"मी विचारते, त्यांचंच का?"

"ऑफिसर कॉलनीचं तोडलं की दहा मिनिटांत साहेबांचा फोन येई," तो म्हणाला. "खाणवस्तीतून कुणी भांडायला येत नसे."

सारिकाने पिशवी उचलली. "मशीनने पण हेच सांगितलं असतं," ती म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवसापासून ती आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये एका मैत्रिणीकडे राहू लागली. साथ आहे, जवळ पडतं, असं शेजाऱ्यांना तिने सांगितलं.

लहानू खाणवस्तीत गेला. नंदाची सासू हौसाबाई दारात बसली होती. तिने आधी आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. "उकळलेलं हाय," म्हणाली. "तुमच्या लेकीनं सांगितल्यापासून उकळूनच ठिवतो."

तो पाणी प्यायला. मग त्याने सांगितलं, जसं सारिकाला सांगितलं होतं तसंच. हौसाबाई ऐकत राहिली. मधे एकदा तिने घरात पाहिलं. नंदाचा नवरा आत भिंतीकडे तोंड करून निजला होता.

"पाणी कमी येतं ते आम्हाला ठावं व्हतं," ती शेवटी म्हणाली. "आम्हाला वाटायचं, टेकडी हाय, चढत नसंल. पाण्याला तरी काय म्हणायचं, म्हणून गप बसायचो." तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. "म्हंजी तुम्ही चावी फिरवत व्हता."

"हो."

"आन् आता ती मशीन फिरवत व्हती."

"हो. माझं बघून."

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात बरं काहीच नव्हतं. तिने तांब्या उचलला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

चौकशी लागली. मुख्याधिकाऱ्यांना अहवालात 'दाबमापकातील तांत्रिक दोष' असं लिहून हवं होतं. लहानूने आपला जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून दिला, अडीच पानं. तो फाइलला लागला. त्याच्यावर कुणी काही बोललं नाही. मृण्मयीने मात्र समितीसमोर एक कागद ठेवला.

"वॉशआउटला मोटर बसवली, ते ओघमध्ये आलं," ती म्हणाली. "नाल्याखालचा पाइप तुम्ही बदलाल तेव्हा बदलाल. पण एक गोष्ट मला ठरवता येत नाही. पाणी कमी असेल तेव्हा कुणाचं कमी करायचं? तुम्ही लिहून दिलंत तर ओघ तसं करील. इथे जागा सोडली आहे. खाली सही लागेल."

कागद टेबलाभोवती फिरला. प्रत्येकाने वाचला आणि शेजाऱ्याकडे सरकवला. एकतीस वर्षं ही गोष्ट कुणाला लिहावी लागली नव्हती. चेंबरमध्ये वाकलेला एक माणूस ती मुकाट्याने उरकत होता. टायमरनेही कधी विचारलं नव्हतं. त्याला जे घालून दिलं तेच त्याने केलं. आता यंत्र विचारत होतं, आणि उत्तर द्यायला खोलीत कुणी नव्हतं.

"सगळ्यांचं सारखं कमी करा," भिंतीजवळ उभा असलेला लहानू म्हणाला. "पाळीपाळीने. कॉलनीसुद्धा, माझी सुतारगल्लीसुद्धा."

मुख्याधिकाऱ्यांनी सही केली, पण "प्रायोगिक तत्त्वावर" असं वर लिहून. नऊ दिवस गावात सगळ्यांना सारखं पाणी आलं. खाणवस्तीत पहिल्यांदा शेवटच्या नळाला धार लागली. त्या नऊ दिवसांत चारशेबारा तक्रारी आल्या, दोन नगरसेवकांनी ऑफिससमोर खुर्च्या टाकल्या, आणि दहाव्या दिवशी तातडीची सभा घेऊन प्रयोग थांबवला गेला. कागदावरची जागा पुन्हा कोरी झाली.

"जागा कोरी असेल तर ओघ काय करतो?" लहानूने मृण्मयीला विचारलं.

"तक्रारी जिथे कमी, तिथलं पाणी कमी. पूर्वीसारखंच." ती पडद्याकडे बघत बोलत होती. "सही कुणाचीच नाही. म्हणजे निर्णयही कुणाचा नाही. त्यांना हेच बरं वाटतं, काका."

मग लहानूला एकच मार्ग सुचला. तक्रार नोंदवायला मालमत्ता क्रमांक लागे, आणि खाणवस्तीतल्या निम्म्या घरांना तो नव्हता. पण सार्वजनिक नळाचा क्रमांक घातला तरी तक्रार घेतली जाते, हे ऑफिसात बसून त्याला कळलं होतं. तो सुटीचे तास घेऊन वस्तीत जाऊ लागला. नळाच्या ओट्यावर रंगाने क्रमांक घातले, बायकांच्या मोबाइलवर तक्रार कशी करायची ते दाखवू लागला. सुरुवातीला कुणी त्याच्याजवळ येत नसे. चौथ्या दिवशी हौसाबाईने आपला फोन त्याच्यापुढे धरला. त्याने दाखवलं, तिने केलं. आठवड्याभरात खाणवस्तीतून साठ तक्रारी गेल्या, आणि ओघने सत्तावीस नंबर पुन्हा पूर्ण वेळ उघडा ठेवायला सुरुवात केली.

त्या सकाळी लहानू पडद्यासमोर उभा होता. सत्तावीसची रेघ सपाट झालेली पाहून त्याला बरं वाटलं, आणि लगेच त्याने बाकीच्या रेघा पाहायला घेतल्या. टाकीत पाणी तेवढंच होतं. अठरा मिनिटं कुठून तरी यायला हवी होती. ती एकेचाळीस नंबरवरून येत होती. गावाबाहेर रेल्वेच्या पलीकडे वीटभट्ट्या होत्या, तिथे परगावच्या मजुरांची पालं पडली होती. त्यांना एक पाइप काढून दिला होता. त्यावर नळ होता, पण नळाला क्रमांक नव्हता. रेघ अकरा आटे उतरत होती, थांबत होती, पुन्हा सहा आटे उतरत होती. सत्तावीसवर त्याच्याकडून शिकलेलं बंद करणं ओघने इथे जसंच्या तसं आणलं होतं.

त्याने मृण्मयीला फोन लावला. तिने ऐकून घेतलं. "त्यांचं नाव यादीत घालायला पण सही लागते, काका," ती म्हणाली. "मी मागते. पण पंधरा दिवस तरी जातील." तो मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेला. त्यांनी फाइलमधून डोकं वर न काढता म्हटलं, "तुपे, भट्ट्या पावसाच्या आधी बंद होतात. लोक आपोआप निघून जातील. कशाला वाढवता?"

लहानू चालतच वीटभट्टीवर गेला. ऊन चढलं होतं. मजूर विटा रचत होते आणि बायका नळाखाली हंडे लावून बसल्या होत्या. धार करंगळीएवढी होती आणि पाण्याला वास येत होता. पाइप कुठून आलाय ते बघत तो परत रुळांकडे चालत गेला. रुळांच्या कडेच्या गटाराला समांतर तो चार-पाचशे पावलं येत होता, आणि दोन ठिकाणी गटारातच बुडाला होता. इथे वॉशआउट नव्हताच.

तो परत आला तेव्हा सारिका एका पालासमोर उकिडवी बसली होती. आरोग्य केंद्राची वही मांडीवर होती. तिला कुणी सांगितलं होतं की ती आपणहून आली होती, ते त्याने विचारलं नाही. चार आठवड्यांनी ती समोर दिसत होती. वाळली होती.

"इथलंही तोडलंय?" तिने विचारलं.

"मंगळवारपासून. दर पाळीला अठरा मिनिटं."

"मंगळवारपासून." तिने मनाशी दिवस मोजले. "म्हणजे काही जणांच्या पोटात गेलं असणार."

"हो."

तिने वहीचं पान उलटलं. त्यावर तिने पाच नावं लिहिली होती, प्रत्येक नावापुढे महिना. सहावा, सातवा, आठवा, पुन्हा आठवा. शेवटच्या नावापुढे नऊ लिहून तिने खाली रेघ ओढली होती.

"ही सगळी महिन्याभरात आपापल्या गावी जातील," ती म्हणाली. "तिकडे आजारी पडली तर आपल्याला कळणारसुद्धा नाही. आपल्या आकड्यांत ती येणारच नाहीत."

लहानू तिच्या शेजारी मातीत बसला. "गावांची नावं लिहून घे," तो म्हणाला. "फोन नंबर असतील तर ते पण."

सारिकाने त्याच्याकडे पाहिलं, मग वही त्याच्याकडे सरकवली. "तुम्ही लिहा. मी विचारते."

ती उठून पहिल्या पालाकडे गेली आणि वाकून आत हाक मारली. आतून एका बाईने गावाचं नाव सांगितलं. लहानूला ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याने तिला पुन्हा सांगायला सांगितलं.